रामकुंड ते तहसील कचेरी: नाशकात पूर्वजांच्या शोधाचे सहा दिवस

रविवारी नाशिकला पोहोचायचं आणि शुक्रवारी परतायचं, हा बेत सगळ्यात सोयीचा. सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात, घाट कधीच बंद नसतो. म्हणून सुरुवात घाटावरून करायची आणि मधले दिवस कचेऱ्यांसाठी ठेवायचे. पितृपंधरवडा, अमावास्या आणि सिंहस्थाचा काळ मात्र टाळावा. त्या दिवसांत उपाध्यांना, म्हणजे घाटावरच्या ज्या पुरोहितांच्या वह्यांत यजमान घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात त्यांना, श्वास घ्यायला सवड नसते आणि शंभर वर्षांची वही घाईत उलगडण्यासारखी वस्तू नाही.

घर सोडण्याआधी एक कागद तयार हवा. त्यावर आडनाव, पूर्वीचं आडनाव बदलल्याची ऐकीव माहिती असेल तर ती, मूळ गाव, तालुका, जात-पोटजात, कुलदैवत, गोत्र किंवा देवक (कुळाचं पूज्य चिन्ह) आणि जितकी माहीत तितकी नावं. नावं आठवत नसतील तर घरात श्राद्ध कोण करतं ते बघावं. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो. महालयात आईकडच्या तीन पिढ्याही येतात. घरच्या भटजींच्या चोपडीत ही नावं लिहिलेली सापडतात आणि शोधाची पहिली पायरी तीच असते.

देवकाला क्षुल्लक समजू नये. एकाच गावात एकाच आडनावाची दोन वेगळी घराणी असतात, तेव्हा त्यांना वेगळं करायला देवक आणि कुलदैवत याच दोन खुणा हाती उरतात.

रविवार: रामकुंड

नाशिकरोड स्टेशनपासून पंचवटी नऊ-दहा किलोमीटर. पंचवटी कारंजावर उतरून मालेगाव स्टँडच्या बाजूने खाली गेलं की रामकुंड. सकाळी पिंडदान, अस्थिविसर्जन, दशक्रिया यांची गर्दी असते. त्या वेळी फक्त चौकशी करावी. वहीचं काम दुपारी तीननंतर.

तीर्थोपाध्यांकडे गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गाव कोणतं आपलं? आडनाव काय?" इथे आजचा पत्ता सांगून उपयोग नाही. चार पिढ्या ठाण्यात राहिलेल्या घराने ठाणं सांगितलं तर वही उघडणारच नाही. यजमानांची वाटणी गाव, प्रांत, जात आणि आडनाव यांवरून झालेली आहे. त्यातही उपाध्यांच्या घरात भाऊ वेगळे झाले की गावं वाटली जातात. त्यामुळे "तुमचं गाव आमच्याकडे नाही, अमक्यांकडे आहे" हे उत्तर टाळाटाळीचं नसतं, ते बहुधा खरंच असतं. तीन दारं फिरायची तयारी ठेवावी. उलट गाव-आडनाव नीट न विचारता "आहे, आहे, बसा" म्हणणाऱ्याकडे बसू नये.

वह्या सहसा घाटावर नसतात, घरी असतात. नव्या वहीला गाववार अनुक्रमणिका असते. जुनी वही उघडली की तो "लेख" दिसतो, ज्यासाठी एवढी वाट तुडवली. लेख म्हणजे यात्रेला आलेल्या यजमानाने स्वतःच्या हाताने किंवा कारकुनाकडून लिहून दिलेली नोंद: अमुक गावचे अमुक, बापाचे नाव, आजाचे नाव, भाऊ, मुलगे, कोणत्या कारणाने आले, तिथी आणि शक, आणि शेवटी आमच्या वंशातला जो येईल त्याने यांनाच उपाध्ये मानावं असं वचन. निरक्षर यजमानाच्या नावापुढे नांगराची किंवा त्याच्या धंद्याच्या अवजाराची निशाणी दिसते. ती निशाणीसुद्धा टिपून घ्यावी, कारण तिच्यावरून त्या घराचा व्यवसाय कळतो.

लेख वाचताना तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली, नावांची. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली रीत. त्यामुळे गोपाळ रामचंद्र, मग रामचंद्र गोपाळ, मग पुन्हा गोपाळ रामचंद्र अशी माळ तयार होते. दोन गोपाळांना एक समजलं की मधल्या दोन पिढ्या गळून पडतात. उपाय एकच, प्रत्येक नावाशेजारी वर्ष लिहायचं. बाप आणि मुलाच्या नोंदींत वीस ते पस्तीस वर्षांचं अंतर पडतं. सत्तर वर्षांचं पडलं तर मध्ये कुणीतरी हरवलं आहे.

दुसरी, दत्तकाची. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्याच्या लेखात मुलगा म्हणून असतो आणि पुढच्या लेखात भलत्याच बापाचं नाव लावून येतो. "दत्तक" हा शब्द प्रत्येक वेळी लिहिलेला नसतो. एका भावाची ओळ अचानक थांबली आणि चुलत घरात त्याच नावाचा मुलगा उगवला, तर आधी दत्तकाची शक्यता तपासावी.

तिसरी, नकलेची. जुनी वही जीर्ण झाली की नवी उतरवून घेतात आणि उतरवणाऱ्याच्या हातून चूक होते. म्हणून नव्या वहीतलं नाव मिळालं तरी "मूळ लेख दाखवाल का गुरुजी?" असं नम्रपणे विचारावं.

शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवावे. तिथी जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची असेल तर ७९. शके १८०० चा ज्येष्ठ म्हणजे १८७८, पण त्याच शकाचा माघ म्हणजे १८७९. आकडा पुसट असेल तर संवत्सराचं नाव मदतीला येतं. शकात १२ मिळवून ६० ने भागावं आणि उरेल ती बाकी प्रभवपासून मोजावी. १८०० अधिक १२ म्हणजे १८१२, बाकी १२, बारावा संवत्सर बहुधान्य. लेखात "बहुधान्य नाम संवत्सरे" असेल आणि शकाचे शेवटचे दोन आकडे वाळवीने खाल्ले असतील, तरी शके १८०० किंवा १८६० एवढे दोनच पर्याय उरतात, कारण तोच संवत्सर पुन्हा साठ वर्षांनीच येतो. गुजराती-मारवाडी घरांच्या नोंदीत विक्रम संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करावे.

लेख शोधायला सिंहस्थाचाही उपयोग होतो. गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी सिंहस्थ. २०१५-१६, त्याआधी २००३-०४, असं मागे मागे जावं. गावातून गाड्या जुंपून लोक याच वर्षी येत, म्हणून पानंच्या पानं त्या एका वर्षाची भरलेली असतात.

वही ही उपाध्यांची घरची मालमत्ता आहे. परवानगीशिवाय फोटो काढू नये, दक्षिणा आधीच मोकळेपणाने ठरवावी. पेन पिशवीत, हातात पेन्सिल. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये. आणि पहिल्याच दिवशी आपला नवा लेख लिहायची घाई करू नये. नावं पडताळून शुक्रवारी परत यायचं आहे.

संध्याकाळ मोकळी असते तेव्हा काळाराम मंदिरापर्यंत चालत जावं. मंदिर बांधलं सरदार रंगराव ओढेकरांनी. ओढेकर म्हणजे ओढ्याचे, आणि ओढा नाशिकच्या पूर्वेला, रेल्वेमार्गावरच. पण "कर" लावणाऱ्या आडनावाची एक खोच लक्षात ठेवावी: हे आडनाव गाव सोडल्यावर चिकटतं. सिन्नरात राहणाऱ्याला कुणी सिन्नरकर म्हणत नाही. म्हणून मूळ गावाच्या कागदांत "कर" शोधत बसलं तर सहसा काही मिळत नाही. तिथे ते घर जुन्या आडनावाने, किंवा कुलकर्णी, जोशी, पाटील अशा वतनाच्या नावाने असतं, किंवा नुसत्या बापाच्या नावाने. शिवाय गावंही एकाच नावाची अनेक. पिंपळगावकर म्हणजे निफाडचं पिंपळगाव बसवंत, की नाशिकजवळचं पिंपळगाव बहुला, की पिंपळगाव खांब? बुद्रुक आणि खुर्द यांचा घोळ वेगळाच.

सोमवार: अभिलेख कक्ष

अभिलेख कक्ष म्हणजे तहसील कचेरीतलं जुन्या कागदांचं दालन. कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. दहाच्या आत पोहोचलं तर शोध त्याच दिवशी सुरू होण्याची आशा असते.

आधी तालुका नक्की करावा. नाशिक जिल्हा १८६९ साली तयार झाला. त्यापूर्वी मालेगाव, बागलाण, नांदगाव हा भाग खानदेशात होता आणि नाशिक, सिन्नरकडचा भाग अहमदनगरकडे. सुरगाणा तर स्वातंत्र्यापर्यंत संस्थान होतं. आज जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत, पण देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे अलीकडे वेगळे झालेले. त्यामुळे आजच्या तालुक्यात दप्तर नाही म्हटलं की शोध संपत नाही, ते गाव आधी कोणत्या तालुक्यात होतं ते विचारायचं.

जमीन असलेल्या घराचा शोध आजच्या सातबाऱ्यापासून मागे न्यावा. सातबाऱ्यावर नावांजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक, असतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ज्या नावाला कंस केला आहे, त्याचा हक्क त्या फेरफाराने संपला असं समजावं. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, काढायची. तिथे मागच्या धारकाचं नाव मिळतं, त्याच्या नोंदीत त्याच्याही मागचं. सर्वांत मोलाचे वारस फेरफार. "खातेदार मयत, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक" अशा दोन ओळींत एका कुटुंबाची अख्खी पिढी येते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुली बहुधा गाळलेल्या असतात. नंतरच्या नोंदीत त्या सासरच्या नावाने येतात आणि कधी सासरचं गावही मिळतं. वंशवृक्षाच्या ज्या फांद्या वहीत कुठेच नव्हत्या, त्या इथे सापडतात. एवढ्यासाठी तरी वारस फेरफार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

साखळी हमखास तुटते ती दोन जागी. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानंतरचा गट नंबर घेऊन जुन्या पुस्तकात शोधलं तर भलत्याच माणसाची जमीन हाती येते. त्या गावाचं सर्व्हे-गट जुळवणीचं पत्रक आधी मागावं. दुसरी जागा १ एप्रिल १९५७, कृषकदिन. त्या तारखेला कुळं मालक झाली. एखाद्या जमिनीवर आपल्या घराचं नाव त्यानंतरच उगवत असेल तर मागचा मालक आपला पूर्वज नव्हे. आपलं घर तिथे कूळ होतं, आणि मागची नावं कुळ नोंदवहीत आणि पीकपाण्यात शोधायची.

या कागदांची भाषा समजली पाहिजे. "वलद" आणि "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम" म्हणजे अमक्याची बायको, "भ्र." म्हणजे भ्रतार. "अ.पा.क." म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता: मालक अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, आहे आणि पुढचं नाव त्याच्या आईचं किंवा चुलत्याचं. याला बापाचं नाव समजून घेतल्याने कितीतरी वंशावळी वाकड्या झाल्या आहेत. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. असं एक नाव दिसलं तर त्यामागे चार भाऊ उभे असू शकतात.

जमीन नसलेल्या घरांसाठी, आणि असलेल्यांसाठीही, दुसरा भक्कम कागद म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचं रजिस्टर. याला कोतवाल बुकही म्हणतात. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेकदा नसतं, कारण नोंद बारशाच्या आत होई. "रामा वलद बाळा यास मुलगा" एवढंच. म्हणून पूर्वजाचं स्वतःचं नाव शोधू नये, त्याच्या बापाचं शोधावं. जातीच्या रकान्यात नुसतं आद्याक्षर असतं आणि आधीची पानं मोडी लिपीत.

अर्जात गाव, तालुका, नमुना क्रमांक, वर्षांची मर्यादा आणि नाव स्पष्ट लिहावं. "आमच्या पूर्वजांची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज परत येतो. "मौजे अमुक, गाव नमुना १४, सन १९१० ते १९२०" असं लिहिलं की गठ्ठा निघतो. दहा-दहा वर्षांचे वेगळे अर्ज करावेत. नक्कल साक्षांकित मागावी, साध्या झेरॉक्सला पुढे किंमत नसते. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर शुल्क १० रुपये, पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो.

नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने सातबारे आणि फेरफार "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. येण्याआधी घरी बसून तेवढं पाहून घेतलं तर सोमवारचा निम्मा दिवस वाचतो.

मंगळवार: मोडी आणि शहर

नकला मिळेपर्यंतचा दिवस वाया घालवू नये. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे. तिथे १८८३ चं नाशिक गॅझेटियर मागून आपल्या तालुक्याचं आणि गावाचं वर्णन वाचावं. त्या गावात तेव्हा कोणता बाजार भरत होता, कोणते धंदे होते, रस्ता कुठून जात होता, हे कळलं की पूर्वज गाव सोडून कुठे गेले असतील याचा अंदाज बांधता येतो.

काल टिपलेली मोडी आज सोडवावी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्दांत जागा सोडलेली नसते. म्हणून "विठु" आणि "विठू" यांवर वाद घालू नये, पण एक नाव कुठे संपलं आणि बापाचं कुठे सुरू झालं हे मात्र दोनदा तपासावं. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात. पण कागद दाखल्यासाठी लागणार असेल तर लिप्यंतर अधिकृत मोडीवाचकाकडूनच करून घ्यावं.

पेशवाईतला कागद हाती आलाच तर त्यावर सुहूर सन अरबी शब्दांत असतं. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०, आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६०० मिळवायचे. पानिपताची लढाई, जानेवारी १७६१, याच सनातली. आपलं गणित बरोबर येतंय का हे या एका तारखेवर तपासून घ्यावं. फसली, म्हणजे महसुली, सनात ५९० किंवा ५९१ मिळवतात. पेशवाईच्या मागचे मोठे शोध मात्र पुण्याच्या पेशवे दफ्तरात, तिथे कागद रुमालांत बांधलेले असतात. ती वेगळी सफर आहे.

ज्यांचं घर नाशिक गावठाणातलं, तिवंधा, सराफ बाजार, भद्रकाली या भागातलं, त्यांनी नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेबरोबर चौकशी नोंदवहीचा उतारा मागावा. वाडा कुणाकडून कुणाकडे आला हे त्यात येतं. नाशिक नगरपालिका १८६४ ची, त्यामुळे शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी तहसीलऐवजी महापालिकेत जावं.

बुधवार: गावी

बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, वाहनं अडकतात. म्हणून हा दिवस गावासाठी ठेवणं बरं. सिन्नर, दिंडोरी, निफाड सगळे तास-दीड तासाच्या अंतरावर.

आधी शाळा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत प्रवेश-निर्गम रजिस्टर असतं: मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख. उतारा मुख्याध्यापक देतात. दुपारची सुट्टी टाळून जावं. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी धरू नये. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. वर्षसुद्धा एक-दोनाने पुढेमागे असतं.

मग देऊळ. जीर्णोद्धाराच्या फरशा, घंटेवर कोरलेली नावं, दीपमाळेवरचा शक. मग भाऊबंदांची घरं. तिथे कागद मागण्याआधी सुतक कुणाकुणाचं धरतात ते विचारावं. ज्यांचं दहा दिवसांचं सुतक धरतात ते सगोत्र जवळचे. आडनाव बदललेल्या शाखा या एका प्रश्नाने उजेडात येतात. म्हाताऱ्या बायकांना आवर्जून विचारावं, कुठली सून कुठल्या गावची हे त्यांच्या तोंडी असतं आणि कोणत्याही दप्तरात नसतं.

दत्तक, दुसरं लग्न, टाकून दिलेली बायको, असलं काही कागदात सापडलं असेल तर ओट्यावर बसून सगळ्यांसमोर बोलू नये. ज्याचं घर त्यालाच, एकट्याला सांगावं.

गुरुवार: त्र्यंबकेश्वर

नाशिकहून अठ्ठावीस किलोमीटर, बस सतत. नाशिकला आलेला यात्रेकरू बहुधा त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावरही जाई आणि तिथे वेगळा लेख देई. दोन ठिकाणच्या उपाध्यांनी वेगवेगळं लिहून घेतलेलं असल्याने एकाची चूक दुसऱ्यात दिसते. रामकुंडावरच्या लेखात तीन भाऊ आणि त्र्यंबकच्या लेखात चार, तर चौथा कोण, कधी जन्मला, की दत्तक आला, ते शोधायचं. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा असते. त्या आठवड्यात जाऊ नये.

दुपारी धर्मशाळेत बसून सगळे कागद समोर मांडावे आणि एक नियम कडक पाळावा. वेगवेगळ्या हेतूने, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले दोन कागद नाव, बापाचं नाव, गाव आणि काळ या चारही गोष्टींत जुळले, तरच ते नाव वंशावळीत शाईने लिहायचं. एकच कागद असेल तर पेन्सिलने. आडनाव सारखं म्हणून एखाद्या सरदार घराण्याला आपली ओळ जोडणारी आयती वंशावळ विकत मिळते. ती घेऊ नये. तिने खऱ्या पणजोबाचं, नांगराची निशाणी उठवणाऱ्या त्या माणसाचं नाव झाकलं जातं.

जात पडताळणीसाठी हे सगळं चाललं असेल तर तारखा ध्यानात ठेवाव्या: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीच्या नोंदींना वजन असतं आणि नोंदीतल्या माणसाशी आपलं नातं दाखवणारी साखळी एकाही कडीत तुटलेली चालत नाही.

शुक्रवार: पुन्हा रामकुंड

सकाळी तहसिलातून तयार नकला घ्याव्या. शिक्का, सही, गावाचं नाव आणि वर्ष तिथेच उभं राहून तपासावं.

दुपारी उपाध्यांच्या घरी. आता आपला लेख. टिकाऊ काळ्या शाईचा पेन, जेल पेन नको, पाणी लागलं की पसरतो. मूळ गाव, तालुका, आजचा राहता गाव, जुनं आणि आताचं आडनाव. आपलं, वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव, ज्यांची खात्री झाली तेवढीच. भाऊ, चुलते, त्यांची मुलं. बायकांची माहेरची नावं आणि माहेरची गावं. मुलींची नावं मुलांइतकीच पूर्ण, लग्न झालं असेल तर सासरचं गाव. दत्तक असेल तर दोन्ही बापांची नावं. तिथी, शक आणि इंग्रजी तारीख दोन्ही. अक्षर देवनागरी, सुटं, मोठं. खाली सही, आणि सहीखाली तेच नाव पुन्हा वाचता येईल असं.